घड्याळाच्या काचेवरचे चरे : प्रश्न वाचकांचे, उत्तरं जाणकारांची

वडिलांचं एच.एम.टी. जनता घड्याळ कपाटातून बाहेर काढलं. चावी दिली की झकास चालतं, पण काच इतकी घासली आहे की उन्हात आकडे दिसत नाहीत. टूथपेस्टने चरे निघतात म्हणे. खरं आहे का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

निघतात. जनतावर खरी काच नसते, ॲक्रिलिक असतं, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिक. पूर्वी कुणी काच बदलून घेतली असेल, म्हणून आधी खात्री करा. नखाने टिचकी मारली तर ॲक्रिलिकचा आवाज बद्द येतो, काचेचा खणखणीत. गालाला लावल्यावर काच गार लागते, ॲक्रिलिक तेवढं गार लागत नाही.

पॉलिश करताना चरा बुजत नसतो. त्याच्या आजूबाजूचा भाग चऱ्याच्या तळापर्यंत झिजवावा लागतो. म्हणून झिजवणारी पूड त्या वस्तूच्या तोडीची कठीण हवी. कठीणपणाच्या मोहस् मापावर ॲक्रिलिक ३ च्या आसपास येतं. साध्या पांढऱ्या टूथपेस्टमधलं कॅल्शियम कार्बोनेटही तिथंच, म्हणून ही जोडी जमते. मीठ किंवा कोळसा घातलेली पेस्ट मात्र नको, तिचे जाड कण नव्या रेघा ओढतात.

आता चरा जोखा. नख त्यावरून आडवं फिरवा. अडकलं नाही तर नुसत्या पेस्टवर भागेल. अडकलं तर आधी वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर, लागेल.

पट्टा काढा आणि काच व केस (घड्याळाचं धातूचं कवच) यांच्या सांध्यावर मास्किंग टेपच्या अरुंद पट्ट्या नखाने दाबून बसवा. यात आळस नको. जुन्या घड्याळांच्या केस बऱ्याचदा पितळेच्या असतात, वर क्रोमचा पातळ थर. पेपरचे चार हात चुकून तिकडे गेले तरी खालचं पिवळं पितळ डोकावतं आणि त्यावर घरी इलाज नाही. चावी जिथून आत जाते तिथेही टेप लावा, कारण पाणी अडवायला या घड्याळांत फारसं काही नसतं. घड्याळवाल्याकडून मशीन बाहेर काढून नुसती केस घेता आली तर सगळ्यात उत्तम.

गाड्यांना रंग मारणारे वापरतात तोच वॉटर पेपर, उद्यमनगरात हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळेल. १०००, १५०० आणि २००० नंबर घ्या, २५०० मिळाला तर तोही. पेपरचे दोन सेंटीमीटरचे तुकडे करून, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा. वापरताना तुकडा झटकून घ्या. ओला हवा, ठिबकणारा नको.

१००० चा हात बाराकडून सहाकडे, उभा. १५०० चा नऊकडून तीनकडे, आडवा. २००० चा पुन्हा उभा. दिशा अशी बदलली की आधीच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाही ते भिंगाशिवायही दिसतं. आडव्या रेघांत एखादी उभी शिल्लक दिसली तर पुढचा नंबर घेऊ नका. बारीक पेपरवर तीच रेघ काढायला फार वेळ जातो. नंबर बदलताना बोटं आणि काच पुसा, नाहीतर जाड पेपरचा एखादा कण बारीक पेपरखाली जाऊन सगळं काम मागे नेतो. काच सपाट असेल तर पेपरमागे खोडरबर धरा, फुगीर असेल तर बोटाचं मऊ पेर.

सगळ्यात जास्त बिघडतं ते एका सवयीमुळे. खोल चरा दिसला की माणूस तेवढ्याच जागी घासत बसतो. तिथे खळगा पडतो आणि तिरकं पाहिलं की मिनिटांच्या खुणा वाकड्या दिसू लागतात. घासायचं ते पूर्ण काचेवर, सारख्या हाताने. एखादा फार खोल चरा थोडा राहिला तर राहू द्या.

२००० नंतर काच दुधाळ दिसेल. घाबरू नका, ती तशीच दिसायला हवी. आता मऊ सुती कापडावर वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन बारीक गोल फिरवत तीन-चार मिनिटं चोळा, ओलसर कापडाने पुसा, उजेडात तिरकी धरून पाहा आणि पुन्हा पेस्ट घ्या. अशा चार-पाच फेऱ्या लागतात. ॲक्रिलिकसाठीच बनवलेली पॉलीवॉच ही पॉलिशची पेस्ट मिळाली तर हेच काम लवकर होतं. ब्रासोनेही चमक येते, पण तो पातळ असल्याने सांध्यात उतरतो आणि वाळल्यावर पांढरी कड सोडतो, म्हणून तो कापडाला लावा, काचेवर ओतू नका.

थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट यांपैकी काहीही ॲक्रिलिकला लावू नका. आतून बारीक तडे जातात आणि ते पॉलिशने निघत नाहीत. ड्रिलला पॅड लावूनही घासू नका, घर्षणाच्या उष्णतेने ॲक्रिलिक मऊ पडून ओघळल्यासारखं होतं.

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. साध्या क्वार्ट्झ घड्याळाची सपाट काच वर्षभरात धूसर झाली. तासभर टूथपेस्ट घासली, काडीचा फरक नाही.
— एक वाचक, शिये

पडणारही नाही. तुमची काच मिनरल ग्लास, म्हणजे खरी काच दिसते, कठीणपणा ५.५ ते ६. टूथपेस्ट तिच्यापुढे फारच मऊ. उलट तुमच्या मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका, तिचा कठीणपणा ७. बाहीवर बसलेली ती धूळ प्रत्येक वेळी काचेवर घासली जाते. कामावरून आल्यावर घड्याळ कोरड्या रुमालाने पुसायची सवय असेल तर ती आधी सोडा. आधी धूळ फुंकून किंवा मऊ ब्रशने उडवा, मग पुसा.

मिनरल काचेला लागते सेरियम ऑक्साइडची पूड. गाडीच्या काचेचे चरे काढायच्या किटमध्ये असते तीच. एक चमचा पूड पातळ दह्याइतकी होईल एवढ्या पाण्यात कालवा. कडक फेल्टचा (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा) छोटा गोळा ड्रिलला लावून सगळ्यात कमी वेगावर, हलक्या दाबाने, सतत हलता ठेवा. सेरियम नुसतं घासत नाही, पाण्याच्या साथीने काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रियाही करतं, म्हणून लगदा वाळू देऊ नका. वाळला की काम थांबतं आणि उष्णता वाढते. तापलेली काच तडकू शकते. अर्ध्या मिनिटाने थांबून बोट लावून बघा, कोमट लागली तर थंड होऊ द्या. पूड हवेत उडते, तोंडाला मास्क लावा. टेपचं पथ्य इथेही तेच.

अशाने धूसरपणा आणि बारीक रेघा तासाभरात जातात. नख अडकणारा चरा मात्र जाणार नाही. तेवढ्या खोलीपर्यंत काच उतरवणं हातकाम नव्हे. अशा वेळी नवी काच बसवा. सपाट मिनरल काच ही स्वस्त वस्तू आहे, तिच्यासाठी दोन रविवार घालवू नका. माप घ्यायला व्हर्नियर तुमच्याकडे असेलच. जुनी काच बाहेर काढून व्यास ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजा, जाडीही मोजा, आणि गॅस्केट, म्हणजे काचेभोवतीची सांधा बंद करणारी रिंग, नवीनच घ्या.

माझ्या जुन्या चावीच्या घड्याळाची ॲक्रिलिक काच काढून खरी काच बसवू, पुन्हा चरेच पडणार नाहीत, असं दुकानदार म्हणतो. बसवावी का?
— एक वाचिका, राजारामपुरी

आमच्या मते नको. ती केस ॲक्रिलिकसाठीच कापलेली असते. ॲक्रिलिक किंचित दाबून आकसवून खाचेत सोडतात आणि ते स्वतःच्या ताणाने घट्ट बसतं. खरी काच आकसत नाही, ती गोंदाने चिकटवावी लागते. शिवाय तुमच्या काचेचा फुगवटा शोभेचा नाही, मधल्या उंच सेकंदकाट्याला त्याने जागा मिळते. सपाट काच बसवली तर काटा तिला घासून घड्याळ अडखळायला लागतं. आणि खरी काच फुटली तर तिचे तुकडे डायलवर आणि काट्यांत जातात. ॲक्रिलिक बहुतेक वेळा नुसतं तडकतं. १९६९ साली चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरवरही याच कारणाने ॲक्रिलिक होतं. तडा गेला असेल तर त्याच मापाचं ॲक्रिलिकच मागा.

सफायर काचेवर चरा पडला आहे. घरी निघेल?
— एक वाचक, ताराबाई पार्क

नाही. सफायर म्हणजे कृत्रिम नीलमणी, कठीणपणा ९, त्याला हिऱ्याचीच पूड लागते. पण आधी त्या रेघेवर खोडरबर घासून बघा. जिन्याच्या रेलिंगला किंवा ॲल्युमिनियमच्या खिडकीला घासल्यावर धातूच काचेला लागतो आणि हुबेहूब चऱ्यासारखा दिसतो. तो पुसला जातो. पुसला गेला नाही तर बहुधा वरच्या चकाकीरोधक लेपावर चरा आहे, आणि तो लेप घरी परत चढवता येत नाही.

काच पॉलिश केल्यापासून आतून वाफ धरते आहे. पावसाळ्यात जास्तच.
— एक वाचक, कळंबा

घासताना सांध्यातून किंवा चावीच्या वाटेने पाणी आत गेलं आहे. पॉलिशचं काम भर पावसाळ्यात काढूच नये, आपल्याकडच्या हवेत आत शिरलेला ओलावा सहजी सुटत नाही. धुकं पुसट असेल तर चावी वेळ लावायच्या जागेपर्यंत बाहेर ओढून घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. तांदळात पुरू नका, त्याचं पीठ फटीत जातं. हेअर ड्रायर तर नकोच, वाफ आणखी आत पसरते आणि थंड झाली की मशीनवर थेंब धरते. काचेखाली थेंब स्पष्ट दिसत असतील तर डब्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी घड्याळवाल्याकडून मागचं झाकण उघडून घ्या. गंज आधी चावीच्या दांडीला धरतो.