दिवाळीत घरी सगळे जमतात आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. गप्पांसाठी प्रश्नांची कार्डं मिळतात, ती घरात आणि मित्रांमध्ये खरंच चालतात का? कोणती घ्यावीत?

चालतात, पण विकतची घेऊ नका. मी ७९९ रुपये घालून बसले आहे. त्यातली अर्धी कार्डं मराठीत मोठ्याने वाचताच येत नाहीत. 'आज तुम्हाला कशाबद्दल कृतज्ञ वाटतं?' हे माझ्या आईला विचारून बघा, ती आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघेल.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत सगळे जमतात आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. आमच्या मिरजेच्या घरात उलटं होतं. गप्पा भरपूर, फक्त त्या सगळ्या माझा मोठा भाऊ मारायचा. मेंढीकोटात निदान हात जिंकेल त्याची उतारी असते. आमच्याकडे उतारी कायम दादाची. जागेचे भाव, राजकारण आणि कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धा. बाकीचे हं हं करत फराळ संपवणार.

तर तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी ते खोकं घेऊन गेले. आदल्या रात्री वाचलं आणि लक्षात आलं की हे काही आपल्याकडे जमायचं नाही. मग आईच्या कपाटातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला, कात्रीने कापल्या, मागच्या कोऱ्या बाजूवर माझे प्रश्न लिहिले आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले. चाळीस चिठ्ठ्या. लहानपणी कुणाचा मार सगळ्यात जास्त खाल्ला? कुठला नातेवाईक आला की पोटात गोळा येतो? असले. जेवणं झाल्यावर सतरंजीवर डबा फिरायला लागला. अप्पा आधी 'मी बघतो नुसता' म्हणाले, पण माराच्या चिठ्ठीवर स्वतःहून मध्ये पडले. इथवर दादाही हसत होता.

मग वहिनींची पाळी आली. चौदा वर्षं झाली त्यांच्या लग्नाला, आणि असल्या बैठकीत त्या स्वयंपाकघरात तरी असतात नाहीतर उंबऱ्यापाशी. चिठ्ठी होती, 'या घरातली कुठली वस्तू तुम्हाला नकोशी वाटते?' त्यांनी ती वाचली, घडी घातली, परत उघडली.

"सांगू?"

"सांगा की."

"शोकेस."

हॉलमधलं शोकेस अप्पांनी १९९४ साली सुताराला घरी बसवून करून घेतलेलं. सागवानी, काचेची सरकती दारं. वहिनी खाली बघत म्हणाल्या, "पुसायला रोज वीस मिनिटं जातात त्याचं काही नाही. पण त्याने खिडकी अर्धी झाकलीय. दुपारी भाजी निवडायला बसलं तरी लाईट लावावी लागते."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की हे सगळं मीच घडवून आणलंय. अप्पा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "खिडकीचं सुतार तेव्हाच बोलला होता. मीच ऐकलं नाही." माझ्या आयुष्यात अप्पांच्या तोंडून 'मीच ऐकलं नाही' हे मी पहिल्यांदा ऐकलं.

आता त्या शोकेसमध्ये दादाची वक्तृत्वाची सात शिल्डं आहेत, हे तुम्हाला सांगायला हवं. तो उठला. "प्रश्न विचारायला चिठ्ठ्या काढाव्या लागतात म्हणजे त्या घराचं काही खरं नाही. आपण काय ऑफिसच्या ट्रेनिंगला आलोय?" आणि पान खायला गेला तो अकराला परत. तेव्हापासून दर समारंभाला हे वाक्य ऐकवतो, 'हिच्या चिठ्ठ्यांनी घरात भांडण लावलं.'

त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, म्हणून इथे देते. ठरवून बोलतं करायची पद्धत काय परदेशातून आली का? 'नाव घे' म्हणून आग्रह झाल्याशिवाय नव्या सुनेला चार माणसांत तोंड उघडायला मिळायचं का? चिठ्ठी काढली की पाळी आली, आणि पाळी आली की मध्ये कुणी बोलायचं नाही. एवढंच काम त्या कागदाचं. वहिनींना बोलायचं नव्हतं असं नाही, त्यांना पाळीच मिळाली नव्हती.

ही कार्डं विकणारे बरेचजण ज्या प्रयोगाचा दाखला देतात तो मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांचा, १९९७ सालचा. अनोळखी माणसांच्या जोड्या, ३६ प्रश्न, बारा-बाराचे तीन गट, पाऊण तास. (३६ म्हटल्यावर आईने विचारलं, 'पत्रिकेतले गुण का?' ) २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका लेखामुळे ते 'प्रेमात पाडणारे प्रश्न' म्हणून गाजले, मूळ प्रयोग जवळीक कशी तयार होते याचा होता. त्यातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. प्रश्न हलक्यापासून सुरू होऊन हळूहळू आतले होत जातात, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं असतं. नुसतं विचारून मजा बघत बसायचं नाही. मी नेमकी पहिलीच गोष्ट विसरले, सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कालवल्या. दुसरी दादा विसरला.

मित्रांचं विचारलंय तर, जुन्या मित्रांत कार्डं काढू नका, हसतील. नव्याने ओळख झालेल्यांत, प्रवासात वगैरे, छान चालतात.

आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं: पैसा, वाटणी, मूल का नाही, लग्न कधी, या वाटेला जाणारी एकही चिठ्ठी डब्यात नको. 'पास' म्हणायची मुभा हवी. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर त्या वर्षी डबा काढूच नका. वहिनींना त्या रात्री दादाकडून काय ऐकावं लागलं ते मला माहीत नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यामुळे माझ्या सल्ल्यात तेवढी खोट आहे असं समजा.

शोकेस अजून तिथेच आहे. डबा मात्र वहिनींनी मला परत नेऊ दिला नाही.

हो, आणि चिठ्ठ्या स्केचपेनने लिहू नका. पत्रिकेचा कागद गुळगुळीत असतो, तेलकट बोट लागलं की अक्षर पुसतं. बॉलपेन वापरा.