मालवणच्या होमस्टेच्या वेबसाईटवर दुसऱ्यांच्या लिंक दिल्या तर कॉपीराइटचा भंग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तारकर्लीजवळ होमस्टे आहे, वेबसाईटवर 'आजूबाजूला काय पाहाल' असं पान करायचंय. त्यात पेपरातल्या बातम्या, स्कूबाचे यूट्यूब व्हिडिओ, दशावताराची रेकॉर्डिंग आणि किल्ल्याचे ड्रोन फोटो यांच्या लिंक द्यायच्यात. कुणीतरी सांगितलंय की प्रत्येक लिंकला मालकाची लेखी परवानगी लागते, नाहीतर नोटीस येते.

मी वकील नाही. कुडाळात बसून होमस्टेवाल्यांच्या आणि आंबा-काजूवाल्यांच्या वेबसाईट बनवतो, त्यामुळे "लिंक दिली तर पोलीस येतले काय रे?" हा प्रश्न मला नवा नाही. आणि गंमत बघा, विचारणारा लिंकला घाबरतो, पण त्याच्या होमपेजवरचा सूर्यास्त इन्स्टाग्रामवरून उचललेला असतो.

साधी लिंक द्यायला परवानगी लागत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 14 मध्ये मालकाचे हक्क दिलेत : प्रती काढणं, लोकांपर्यंत पोचवणं, भाषांतर, रूपांतर वगैरे. लिंकमध्ये यातलं काही होत नाही, तो नुसता पत्ता आहे. कुणाच्या बागेला कुठल्या पाणंदीने जायचं हे सांगितलं म्हणून आपण त्याचे हापूस उतरवले असं होत नाही.

आता वकील म्हणेल, 'लोकांपर्यंत पोचवणं' याची कायद्यातली व्याख्या बरीच ऐसपैस आहे, लिंकसुद्धा त्यात ओढता येईल. वाद घालता येतो, खरं आहे. पण काय केलं तर उल्लंघन ठरत नाही याची यादी कलम 52 मध्ये आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीत त्यात एक पोटकलम आलं, 52(1)(c). त्यात इलेक्ट्रॉनिक लिंकचा चक्क शब्दाने उल्लेख आहे. लिंक पुरवण्याच्या ओघात मजकुराची तात्पुरती साठवण झाली तर ते उल्लंघन नाही, मात्र दोन अटींवर : हक्कदाराने स्पष्ट मनाई केलेली नसावी आणि ती प्रत चोरीची आहे हे तुम्हाला माहीत नसावं किंवा तसा संशय यायला सबळ कारण नसावं. हे कलम मुख्यतः सर्च इंजिनसारख्यांसाठी केलेलं आहे, तुमच्या पानावर तर साठवणही होत नाही. पण कायद्याचा कल कुठे आहे ते यातून कळतं.

युरोपात यावर कोर्टात बरीच घुसळण झाली. तिथले निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, पण विचाराची दिशा कळायला उपयोगी आहेत. स्वीडनमधल्या पत्रकारांनी तक्रार केली होती की एक कंपनी त्यांच्या लेखांच्या लिंक देऊन धंदा करते. युरोपीय न्यायालयाने 2014 मध्ये (स्वेन्सन खटला) सांगितलं की जे लेख मालकाच्याच परवानगीने सगळ्यांना खुले आहेत, त्यांची लिंक दिल्याने नवा वाचकवर्ग तयार होत नाही, म्हणून परवानगी नको. 2016 मध्ये जीएस मीडिया खटल्यात त्याला दुसरी बाजू जोडली गेली : मजकूर मुळातच परवानगीशिवाय चढवलेला असेल आणि तुम्ही नफ्यासाठी लिंक देत असाल, तर तुम्हाला ते ठाऊक होतं असं कोर्ट धरून चालेल, आणि ते खोडून काढणं तुमच्यावर. होमस्टे हा धंदाच आहे, त्यामुळे हे दुसरं वाक्य तुम्ही जास्त लक्षात ठेवा.

म्हणजे करू नये असं काय? पावसाळ्यात गेस्ट खोलीत अडकले की मालकाला दया येते आणि तो 'नवीन मराठी सिनेमे इथे बघा' म्हणून टेलिग्राम चॅनेलची लिंक चिकटवतो. ती चोरीची आहे हे शेंबडं पोरही सांगेल, तेव्हा 'मला काय माहीत' ही सबब टिकत नाही. ई-पेपरच्या पीडीएफचंही तेच. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी अख्खा पेपर येऊन पडतो म्हणून तो फुकट होत नाही. 2020 मध्ये दैनिक जागरणच्या कंपनीने टेलिग्रामविरुद्ध दिल्ली हायकोर्टात दाद मागितली, तेव्हा असे ई-पेपर वाटणारे चॅनेल बंद करायचा आणि ते चालवणाऱ्यांची माहिती द्यायचा आदेश झाला. बातमी द्यायची तर पेपरच्या स्वतःच्या साईटची लिंक द्या. मथळा आणि तुमच्या शब्दांत दोन ओळी एवढं पुरे. अख्खी बातमी कॉपी करून खाली 'साभार' लिहिणं म्हणजे लिंक नव्हे. 'साभार'ने परवानगी मिळत नाही, फक्त कुठून उचललं ते लेखी कबूल होतं.

यूट्यूबचा व्हिडिओ त्यांनी दिलेल्या 'एम्बेड' कोडने पानात बसवला तर तो यूट्यूबवरूनच चालतो, व्ह्यू मूळ माणसाला मिळतात, आणि त्याला नको असेल तर तो एम्बेड बंद ठेवू शकतो. अधिकृत चॅनेल असेल तर खुशाल बसवा. तोच व्हिडिओ डाउनलोड करून आपल्या चॅनेलवर चढवणं मात्र सरळ उल्लंघन.

याच्या मधली एक भानगड आहे, हॉटलिंकिंग. फोटो आपल्याकडे उतरवायचा नाही, कोडमध्ये दुसऱ्याच्या फोटोचा पत्ता टाकायचा, म्हणजे तो त्याच्या सर्व्हरवरून आपल्या पानात दिसतो. माझ्या ओळखीच्या एका आंबेवाल्याच्या साईटवर पाच डझनाच्या पेटीचा फोटो असाच दुसऱ्या बागायतदाराच्या साईटवरून येत होता. ऐन हंगामात त्या बागायतदाराने त्याच नावाने फाईल बदलली आणि याच्या पहिल्या पानावर पेटीच्या जागी लाल अक्षरात 'हा फोटो आमच्याकडून चोरलाय, आंबेही तसेच असतील' असं झळकायला लागलं. गिऱ्हाइकांनी स्क्रीनशॉट काढून फिरवले. कायद्याने हा प्रकार नेमका कुठे बसतो यावर जगभर मतभेद आहेत. त्या बागायतदाराला कायद्याची गरजच पडली नाही.

दशावताराबद्दल मात्र थोडं थांबतो, कारण तिथे सगळेच गृहीत धरतात की लोककला म्हणजे कुणाचीच नाही. कथा पुराणातल्या, त्यांच्यावर कुणाचा हक्क नाही, बरोबर. पण लिहिलेली संहिता नसते, संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. संकासुर या पात्राच्या तोंडी त्या रात्री जे आलं ते त्या नटाचं. कायद्यात कलाकाराचे स्वतंत्र हक्क आहेत, कलम 38 आणि 38अ मध्ये, आणि ते प्रयोगानंतर 50 वर्षं टिकतात. प्रयोगाचं रेकॉर्डिंग करणं, ते लोकांपर्यंत पोचवणं यात त्याची संमती लागते. जत्रेत पुढच्या रांगेत बसून कुणी मोबाईलवर पूर्ण नाटक उतरवलं आणि चॅनेलवर टाकून जाहिरातींचे पैसे कमावले, तर नाटक करणाऱ्या मंडळाला त्यातला एक रुपया जात नाही. पोराबाळांचं पोट ज्या नाटकावर चालतं तेच फुकट मिळालं तर पुढच्या वर्षी बोलावणी कमी होतात, हे मंडळवाले तोंडावर सांगतात. तुम्ही लिंक देणारच असाल तर मंडळाच्या स्वतःच्या चॅनेलची द्या आणि जमलं तर जवळच्या देवळाच्या जत्रेची तारीख टाका. मुंबईचा गेस्ट रात्री दोन वाजता नाटकाला जाऊन बसला तर सकाळी तुमच्या घावण्यांची तारीफ दुप्पट करील.

आता ड्रोन फोटो. सिंधुदुर्ग किल्ला 1664 मध्ये बांधायला घेतलेला, त्यावर कॉपीराइट कुणाचाच नाही. तुम्ही बोटीतून स्वतः काढलेला फोटो तुमचा. पण दुसऱ्याने काढलेला फोटो त्याचा, आणि त्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं. युरोपातलंच एक प्रकरण आहे. जर्मनीतल्या एका शाळकरी मुलीने प्रवासाच्या साईटवरून कोर्दोबा शहराचा फोटो घेऊन प्रकल्पात वापरला आणि तो शाळेच्या वेबसाईटवर चढला. फोटो मूळ साईटवर सगळ्यांना फुकट दिसत होता, खाली स्रोतही लिहिला होता. तरी 2018 मध्ये कोर्टाने सांगितलं, परवानगी हवी होती. लिंक दिली असती तर प्रश्नच नव्हता.

म्हणून 'सौजन्य : गूगल' हे लिहिणं आधी बंद करा. गूगलने फोटो काढलेला नसतो. फोटोग्राफरला मेसेज करा. सिंधुदुर्गातली बहुतेक पोरं नाव आणि इन्स्टाग्रामची लिंक दिली तर आनंदाने हो म्हणतात, काही दोन-चार हजार मागतात, ते रास्त आहे. नाहीतर विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे वापरायला खुल्या फोटोंच्या ऑनलाइन संग्रहात बघा, तिथे फोटोग्राफरचं नाव आणि लायसन्स लिहायची अट असते तेवढी पाळा. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख दंड आहे. मी पाहिलेल्या प्रकरणांत मात्र गोष्ट पैसे मागणाऱ्या नोटिशीवरच मिटली.

नोटीस आलीच तर घाबरून अख्खी साईट पाडू नका. कशाबद्दल आहे ते वाचा : फोटोबद्दल असेल तर फोटो लगेच काढा, तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा, आणि रक्कम मागितली असेल तर उत्तर देण्याआधी वकिलाला दाखवा. लिंकबद्दल असेल आणि समोरच्याचा दावा खरा वाटत असेल तर लिंक काढायला एक मिनिट लागतं. तो हट्ट करण्याचा मुद्दा नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की दुसऱ्या होमस्टेवाल्याने तुमच्या साईटची लिंक दिली तर तुम्हाला अडवता येईल का. साधी लिंक असेल तर नाही, आणि अडवायची कशाला? त्याच्याकडे खोल्या भरल्या की गेस्ट तुमच्याकडेच येणार. त्याने तुमच्या खोल्यांचे फोटो स्वतःचे म्हणून लावले, तर मात्र त्याला फोन लावा.