शेंगाचटणी : उखळ, डंकी की मिक्सर?

प्रश्न : सोलापुरात आमचं भाकरी-चटणीचं छोटं दुकान आहे. रोज चार-पाच किलो शेंगाचटणी लागते. उखळात कुटायला आता माणूस मिळत नाही, म्हणून मिक्सरवर केली. तर कधी कोरडा भुगा, कधी लगदा. मिक्सरही मध्येच बंद पडतो. मोठा घ्यावा का?

उत्तर : नको. मोठा मिक्सर हाच लगदा लवकर करून देईल. पातं दाणा कापतं, मुसळ चेपतं. सगळा फरक इथेच आहे. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. मुसळाखाली दाणा चपटा होतो, तेल हळूहळू सुटतं, तिखट-लसूण त्यात मुरतं आणि दाण्याचे पापुद्रे शिल्लक राहतात. अशी चटणी मुठीत दाबली की गोळा होतो, बोटानं टोचला की मोकळा होतो. मिक्सरमध्ये तळाचे दाणे पात्याशी फिरून तापतात, त्यांचं लोणी होतं. वरचे अख्खेच राहतात.

तुमच्या मापाला डंकी, म्हणजे विजेवरचं कांडप यंत्र घ्या. कुटणं तेच, फक्त हाताऐवजी मोटर. चटणीची डंकी वेगळीच ठेवा, हळद-मसाल्याचा वास दाण्याला लगेच लागतो. मुसळ चालू असताना हात आत घालू नका, बंद करूनच चटणी खालीवर करा.

1 किलो दाण्यांना 80 ग्रॅम तिखट, 60 ग्रॅम लसूण, 15 ग्रॅम जिरं, 25 ग्रॅम मीठ. दाणे मंद आचेवर 15-20 मिनिटं भाजा, सालं पाखडा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट दाणे घातले की लगदा झालाच म्हणून समजा. आधी लसूण, जिरं, मीठ कुटा, मग तिखट, शेवटी दाणे थोडे थोडे. पाण्याचा थेंबही नको.

डंकी येईपर्यंत मिक्सरचं भांडं एक तृतीयांशच भरा. दोन-तीन सेकंदांचे पाच-सहा झटके द्या, दर वेळी तळातून चमचा फिरवा. मग तो भरडा खलबत्त्यात पाच मिनिटं कुटा. तेल तिथे सुटतं.

बंद पडतो तो बहुधा जास्त भार आल्यामुळे. प्लग काढून मोटर गार होऊ द्या, मग तळाचं लाल बटण दाबा. पुन्हापुन्हा दाबत राहिलात तर वाइंडिंग जळेल. घरगुती मिक्सर सलग चालवण्यासाठी नसतो.

प्रश्न : कडक भाकरीसाठी दाबायचं मशीन चालेल का?

उत्तर : दाबून होते, पण हवी तेवढी पातळ नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी लवचीकता नाही. जोरानं दाबलं की कडा फाटतात. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून खूप मळा, मशीनवर जाडसर दाबा आणि शेवटचा हात परातीत थापूनच द्या.