वंशावळीतील किताब आणि वर्षाचा चषक

आपल्या लॅब्रेडोरच्या वंशावळीत एका ब्रिटिश पूर्वजाच्या नावाआधी ‘एफटीसीएच’ अशी अक्षरे आहेत, तर दुसऱ्याने तिथल्या क्लबचा वर्षातील सर्वोत्तम कुत्र्याचा चषक मिळवला होता. यांपैकी मोठे काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते किताब मोठा, पण चषकही कमी लेखू नये.

‘एफटीसीएच’ म्हणजे फील्ड ट्रायल चॅम्पियन; फील्ड ट्रायल ही शिकारीत मारलेले पक्षी शोधून आणण्यासारख्या कामाची कुत्र्यांची स्पर्धा. केनेल क्लब या ब्रिटनमधील कुत्र्यांच्या नोंदणी संस्थेचा हा किताब खुल्या गटातील विजयांवर मिळतो आणि नावाला कायमचा जोडला जातो. वार्षिक चषक बहुधा गुणांच्या बेरजेवर देतात: हंगामभरातील क्रमांकांना उतरते गुण आणि सर्टिफिकेट ऑफ मेरिटला, म्हणजे क्रमांक न येताही चांगले काम करणाऱ्या कुत्र्याला मिळणाऱ्या प्रमाणपत्रालाही, थोडेफार. मात्र लॅब्रेडोरसारख्या रिट्रीव्हर (शिकार उचलून आणणाऱ्या) कुत्र्यांच्या एकदिवसीय ट्रायलमध्ये साधारण 12 कुत्रे उतरतात, अर्ज त्याहून पुष्कळ येतात आणि प्रवेश सोडतीने ठरतो. चिठ्ठीच निघाली नाही, तर उत्तम कुत्र्याच्या खात्यावरही गुण जमत नाहीत. त्यामुळे गुण किती, याआधी ते किती ट्रायलमध्ये मिळाले, हे मी पाहतो. चारदा उतरून तीनदा क्रमांक आणणारा कुत्रा मला पंधरा ट्रायलमध्ये गुण वेचणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

सर्टिफिकेट ऑफ मेरिटला मी मान देतो, कारण तिथवर पोहोचणेही कठीण असते. हुकमाआधी धावणे, केकाटणे, पाण्यात उतरायला नकार देणे, यांतली एक चूकही कुत्र्याला बाहेर काढते. नॉरफोकमधील एका ट्रायलमध्ये परीक्षकांना मी अगदी जवळून पाहिले आहे. कुत्र्याने आणलेला फेझंट तळहातावर धरून ते पिसांवर फुंकर घालत आणि अंगठा व बोटांनी दोन्ही बाजूंच्या बरगड्या चाचपत. त्या दाताने चेपलेल्या आढळल्या, तर आधी तो पक्षी हँडलरला दाखवत आणि मगच कुत्रा बाद करत. पिलांत ‘नरम तोंड’, म्हणजे शिकार न चेपता आणण्याचा गुण, उतरावे, म्हणून ब्रीडर या कसोटीकडे फार बारकाईने पाहतात.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा शिकारीच्या ट्रायलना वाव उरलेला नाही, म्हणून आपल्याकडे परदेशी नोंदींवरच विसंबावे लागते. त्या वाचताना किताब कितव्या पिढीतला आहे, हे अवश्य पाहावे. पाचव्या पिढीत 32 पूर्वजांची नावे असतात. त्यांतल्या एकाच नावाआधी ‘एफटीसीएच’ असेल, तर त्यासाठी पिलाची जादा किंमत मी मोजणार नाही. आई किंवा वडील स्वतः ट्रायलमध्ये उतरले असतील, तर मात्र जरूर मोजीन.