ब्रिटपॉप ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की ओएसिसचं ‘वंडरवॉल’ सोडून ब्रिटपॉपमधलं, म्हणजे 1990 च्या दशकातल्या ब्रिटिश गिटार बँडच्या गाण्यांमधलं काहीच ऐकलेलं नाही, तर आधी ओएसिस ऐकू की ब्लर? शिवाय ते इंग्रजी उच्चार कानाला नीट कळत नाहीत, मग मजा येईल का?

माझं उत्तर: दोघांनाही थोडं थांबवा. आधी पल्प हा बँड ऐका. ‘डिफरंट क्लास’ हा 1995 चा अल्बम, आणि त्यातलं ‘कॉमन पीपल’ हे गाणं. उच्चार कळत नाहीत याची काळजी करू नका. ब्रिटपॉपची सगळी गंमत त्या उच्चारांतच आहे, आणि ती हळूहळू कळत जाते.

मी 1996 साली पुण्यात हॉस्टेलवर होतो. रूममेटच्या मावसभावाने लंडनहून येताना ही कॅसेट आणली होती. आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत गाण्यांचे शब्द छापलेले आणि सोबत एक सूचना: रेकॉर्डिंग चालू असताना कृपया शब्द वाचू नयेत. आम्ही ती सूचना अजिबात पाळली नाही. पाळून चाललंच नसतं, कारण पल्पचा गायक जार्विस कॉकर काय म्हणतोय ते निम्मंअधिक डोक्यावरून जात होतं. तीन संध्याकाळी टेप थांबवत, मागे घेत, कागद डोळ्यांशी धरून बसलो, तेव्हा कुठे गाण्यातली गोष्ट लागली.

गोष्ट साधी आहे. लंडनच्या सेंट मार्टिन्स कॉलेजात शिल्पकला शिकणारी, श्रीमंत घरातली एक ग्रीक मुलगी गाणाऱ्याला सांगते की मला सामान्य माणसांसारखं जगून पाहायचंय. तो तिला सुपरमार्केटात घेऊन जातो आणि म्हणतो, खिशात दमडी नाही असं समज. ती हसते. पुढे त्याचा राग चढत जातो. तू स्वस्तातली खोली घे, केस काप, नोकरी धर, काहीही कर. भिंतीवर झुरळं दिसली की बापाला एक फोन केलास तर तो हे सगळं थांबवू शकतो. ज्यांना तसा फोन करता येत नाही, ते सामान्य.

आमच्या वर्गात चारचाकीतून येऊन टपरीवर कटिंग पिणारी आणि ‘खरी मजा यातच आहे यार’ म्हणणारी मुलं होती. वाईट नव्हती, चांगली होती. पण सांगलीहून आलेला मी त्या वेळी मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकवून बसलो होतो. त्यांच्याबद्दल जे वाटायचं त्याला माझ्याकडे शब्द नव्हते. शेफील्डच्या एका काटकुळ्या माणसाने ते शब्द दिले.

आता पुन्हा एकदा ऐकाल तेव्हा लयीकडे कान ठेवा. गाणं सुरू होतं त्या लयीत संपत नाही, ती चढत जाते. ठाय लयीतून द्रुतकडे जावं तसं, पण इतकं बेमालूम की शेवटाला आपला श्वास का फुललाय हे कळत नाही. राग असा तालात मुरलेला आहे. म्हणून हे गाणं सुमारे सहा मिनिटांच्या पूर्ण रूपातच ऐका. रेडिओसाठी कापलेल्या छोट्या रूपात शेवटाचा तो चढ पुरता येत नाही.

पल्पची स्वतःची कहाणीही या गाण्याइतकीच मोठी आहे. जार्विसने 1978 साली शेफील्डमध्ये शाळेत असताना बँड काढला, तेव्हा तो 15 वर्षांचा होता. पुढे माणसं आली, गेली, रेकॉर्ड निघाले, कुणी फारसे घेतले नाहीत. ‘कॉमन पीपल’ 1995 च्या मे महिन्यात आलं आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. त्याच जूनमध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात शनिवारच्या रात्रीचा मुख्य कार्यक्रम द स्टोन रोझेस या बँडचा होता. त्यांचा गिटारिस्ट जॉन स्क्वायर सायकलवरून पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, आणि ऐनवेळी पल्पला बोलावणं आलं. 17 वर्षं वाट पाहिलेला माणूस त्या रंगमंचावर उभा राहिला आणि महिन्याभरापूर्वी आलेलं गाणं समोरचा सगळा जमाव अक्षर न् अक्षर म्हणत होता. त्याचं चित्रीकरण आहे, जरूर बघा. मी अजूनही कोरड्या डोळ्यांनी पाहू शकत नाही.

एवढं ऐकून झालं की मग ‘ब्रिटपॉप म्हणजे काय’ याला अर्थ येतो. 1990 नंतरची दोन-तीन वर्षं अमेरिकेतल्या ग्रंजची, म्हणजे खरखरीत गिटारींच्या उदास रॉकची होती. इंग्लंडमधली पोरंही अमेरिकी हेल काढून गायची. ब्लर 1992 मध्ये अमेरिकेच्या लांबलचक दौऱ्यावर गेले आणि घरच्या आठवणीने कासावीस होऊन परतले. त्यानंतर ब्लरचा गायक डेमन अल्बार्न हट्टाने इंग्लंडबद्दल लिहू लागला: उपनगरं, सुट्ट्या, बागेत फिरणारी माणसं. रे डेव्हिस आणि त्याच्या द किंक्स या बँडने साठच्या दशकात मळलेली ती वाट होती. स्वेड या बँडचा पहिला अल्बमही 1993 चा. माझ्या मते या सगळ्याचा गाभा एकच: आपल्या गल्लीबद्दल आपल्याच बोलीत गायचं, ती सुधारून घ्यायची नाही. डेमनचा लंडनी हेल ओढूनताणून आणलेला आहे अशी टीका झाली, आणि ती अगदीच खोटी नाही, तो वाढला लंडनबाहेर, कोलचेस्टरच्या बाजूला. जार्विसचा शेफील्डी आणि ओएसिसचा गायक लियम गॅलॅगरचा मँचेस्टरी उच्चार मात्र अस्सल.

ब्लरचा ‘पार्कलाइफ’ (1994) दुसरा घ्या. शीर्षकगीतात फिल डॅनियल्स हा नट गात नाही, बोलतो. ते पहिल्याच ऐकण्यात आवडेल. पण माझा जीव अडकला तो ‘धिस इज अ लो’ या गाण्यात. बीबीसी रेडिओवर जहाजांसाठी समुद्राच्या हवामानाचा अंदाज देतात, त्यात ब्रिटनभोवतीच्या सागरी भागांची नावं एका ठरावीक सुरात वाचली जातात: डॉगर, बिस्के, फोर्थ, क्रोमार्टी. ती नावं डेमनने गाण्यात ओवली आहेत. माझा रूममेट मालवणचा. त्याला हे समजलं तेव्हा तो ताडकन उठून बसला, ‘अरे, आमच्याकडे आकाशवाणीवर मच्छीमारांना इशारा देतात ना, तसंच की!’ त्यानंतर ते गाणं त्याचंच झालं. ब्लरच्या ग्रॅहम कॉक्सनची गिटार मधल्या भागात खरोखर वादळासारखी येते.

मग ओएसिस. ‘वंडरवॉल’ तुम्ही ऐकलंच आहे, ते 1995 च्या दुसऱ्या अल्बममधलं. तुम्ही एक पाऊल मागे जा, ‘डेफिनेटली मेबी’ (1994) लावा आणि ‘लिव्ह फॉरेव्हर’ व ‘स्लाइड अवे’ ऐका. ही गाणी लिहिणारा लियमचा भाऊ नोएल गॅलॅगर त्याआधी दुसऱ्या एका बँडची वाद्यं वाहून नेणारा पोरगा होता. ‘लिव्ह फॉरेव्हर’ त्याने ग्रंजमधल्या जगणंच नकोसं झालेल्या सुराला उत्तर म्हणून लिहिलं, असं तो स्वतः सांगत आलाय. लियमचा आवाज इथे कोवळा आहे आणि तरीही धारदार. ‘सिगरेट्स अँड अल्कोहोल’मध्ये तो ‘सनशाऽऽईन’ हा शब्द ज्या तऱ्हेने ताणतो, तेवढ्यासाठी मी अख्खी कॅसेट उलटी फिरवायचो. शब्दांच्या बाबतीत नोएल जार्विसच्या जवळपासही नाही, असं माझं ठाम मत आहे. पण चाल बांधावी तर त्यानेच. सिंगलच्या, म्हणजे सुट्या गाण्याच्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला टाकलेली त्याची गाणीसुद्धा इतरांच्या मुख्य गाण्यांपेक्षा सरस होती. ती ‘द मास्टरप्लॅन’ या 1998 च्या संग्रहात एकत्र मिळतात.

ब्लर आणि ओएसिसच्या भांडणाबद्दल वाचायला खूप मिळेल. 14 ऑगस्ट 1995 ला दोघांचे सिंगल एकाच दिवशी आले, ब्लरचं ‘कंट्री हाउस’ 2 लाख 74 हजार आणि ओएसिसचं ‘रोल विथ इट’ 2 लाख 16 हजार खपलं. दोन्ही त्या-त्या बँडची दुबळी गाणी आहेत. त्यात वेळ घालवू नका.

स्वेडचा ‘डॉग मॅन स्टार’ (1994) मात्र वेळ देऊन ऐका. तो करता करताच गिटारिस्ट बर्नार्ड बटलर बँड सोडून गेला आणि ती ताटातूट गाण्यांतून ऐकू येते. ‘द वाइल्ड वन्स’ पावसाळ्यातल्या संध्याकाळी लावा. हलकंफुलकं हवं असेल तर ऑक्सफर्डच्या सुपरग्रासचा ‘आय शुड कोको’, आणि तुटक, झपाट्याची गाणी हवी असतील तर जस्टिन फ्रिशमनच्या इलॅस्टिकाचा पहिला अल्बम. दोन्ही 1995 चे.

एक गोष्ट या संगीतावर प्रेम असूनही सांगायला हवी. ब्रिटपॉपच्या दिवसांत युनियन जॅक सगळीकडे फडकत होता, गिटारींवर, मासिकांच्या मुखपृष्ठांवर. तो झेंडा नेमका कुणाचा, हा प्रश्न ब्रिटनमधल्या आपल्यासारख्या रंगाच्या मुलांना पडणारच. एकोबेली या बँडची गायिका सोन्या मदान मूळची दिल्लीची. तिने युनियन जॅकचा टीशर्ट घातला आणि त्यावर लिहिलं, हा देश माझाही. लेस्टरमध्ये सुरू झालेल्या कॉर्नरशॉप या बँडच्या तजिंदर सिंगने तर बँडचं नावच आशियाई लोकांच्या कोपऱ्यावरच्या दुकानांवरून ठेवलं. काटेकोरपणे पाहिलं तर कॉर्नरशॉप ब्रिटपॉपच्या यादीत बसत नाही. माझ्या यादीत तो आहे, कारण त्यांनी ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ केलं.

ती आशा म्हणजे आशा भोसले. पडद्यामागे राहून सगळ्यांसाठी गाणाऱ्या पार्श्वगायिकेला आणि जुन्या 45 आरपीएमच्या तबकड्यांना केलेला तो नमस्कार आहे. लताबाई आणि रफीसाहेबांची नावंही त्यात येतात. 1998 च्या फेब्रुवारीत डीजे नॉर्मन कुकने केलेलं त्याचं रिमिक्स ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या मे महिन्यात मी सुट्टीला सांगलीला घरी गेलो आणि आईला ते ऐकवलं. आशाबाईंचा जन्म सांगलीचा, त्यामुळे आमच्या घरात त्यांच्याबद्दल बोलताना एक वेगळाच हक्क असतो. आईने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘यात आशाचं गाणं कुठाय?’ म्हटलं, गाणं नाही, फक्त तिचं नाव आहे. ती म्हणाली, ‘परत लाव बरं.’ तुम्ही रिमिक्सऐवजी मूळ गाणं ऐका, ते संथ आहे आणि त्यात नावं स्पष्ट ऐकू येतात.

कुला शेकर या ब्रिटिश बँडचं ‘गोविंदा’ (1996) हे संस्कृत भजन ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेलं होतं. आपल्या कानाला ते ओळखीचं वाटेल. मला मात्र त्यात भक्तीपेक्षा गिटारच जास्त ऐकू येते.

ऑगस्ट 1996 मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला दोन दिवसांत अडीच लाख लोक ओएसिसला ऐकायला जमले आणि पुढच्याच वर्षीच्या ‘बी हिअर नाऊ’मध्ये तो सगळा फुगा दिसतो: सात-सात मिनिटांची गाणी, गिटारींवर गिटारी. तो अल्बम शेवटी ठेवला तरी चालेल. त्याच वर्षी ब्लरने ‘साँग टू’ करून अमेरिकी गोंगाटाशी परत दोस्ती केली.

पल्पचा ‘धिस इज हार्डकोर’ (1998) मात्र पहिल्या महिन्यात ऐकू नका. मेजवानी उठून गेल्यावर पहाटे उष्ट्या ताटांमध्ये एकट्याने बसावं तसा तो अल्बम आहे. ‘डिफरंट क्लास’ तोंडपाठ झाला, की मग एखाद्या रात्री दिवे मालवून, हेडफोन लावून ऐका.