वाचकांचे प्रश्न : राजेरजवाड्यांचे लांबलेले संसार

राजघराण्यांतल्या दीर्घकाळ टिकलेल्या विवाहांबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (सातारा) : एका ठिकाणी वाचलं की राजघराण्यांत सर्वांत लांब संसार इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा, ७४ वर्षांचा. दुसरीकडे जपानचं नाव होतं. खरं काय?

उत्तर : ७४ हा आकडा चुकीचा आहे. लग्न २० नोव्हेंबर १९४७ ला झालं आणि प्रिन्स फिलिप ९ एप्रिल २०२१ ला गेले. २०२१ मधून १९४७ वजा केले की ७४ येतात, पण २०२१ चा नोव्हेंबर त्यांनी पाहिलाच नाही. म्हणून ७३ वर्षं ४ महिने २० दिवस. ब्रिटनच्या गादीवर बसलेल्यांपैकी कोणाचाही संसार याहून लांब झालेला नाही.

जपानचे प्रिन्स मिकासा गादीवर नव्हते. ते सम्राट हिरोहितोंचे सर्वांत धाकटे भाऊ. त्यांचं आणि युरिको यांचं लग्न २२ ऑक्टोबर १९४१ चं. २७ ऑक्टोबर २०१६ ला, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते गेले. म्हणजे ७५ वर्षं आणि वर पाच दिवस. एक यादी राज्यकर्त्यांची असते आणि दुसरी घराण्यातल्या सगळ्यांची, त्यामुळे नावं बदलतात.

साल वजा करून मोकळं होण्याची सवय अशा याद्यांत फार दिसते. खुद्द हिरोहितोंचं घ्या. लग्न २६ जानेवारी १९२४, निधन ७ जानेवारी १९८९. याद्यांत सर्रास ६५ वर्षं छापतात, प्रत्यक्षात १९ दिवस कमी पडतात. हे लग्न खरं तर १९२३ मध्येच व्हायचं होतं. १ सप्टेंबरच्या कांतो भूकंपाने तोक्यो बेचिराख झालं आणि ते पुढे ढकललं गेलं, नाहीतर ६५ पुरी झाली असती.

प्रश्न (मिरज) : आपल्या मराठी राजघराण्यांत पन्नास-साठ वर्षांचे संसार का दिसत नाहीत? राजे लवकर जात म्हणून?

उत्तर : ते एक कारण आहेच, पण राण्याही लवकर जात. फलटणच्या निंबाळकरांच्या सईबाईंचं शिवाजी महाराजांशी लग्न १६४० मध्ये झालं आणि ५ सप्टेंबर १६५९ ला त्या गेल्या. तेव्हा त्यांचे चिरंजीव संभाजीराजे दोन वर्षांचे होते. संसार जेमतेम एकोणीस वर्षांचा. त्या काळी दर बाळंतपण म्हणजे जिवाशी गाठ असे, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षापासून ती सुरू होत.

पुरुषांच्या बाजूने लढाई आणि दगदग. बाजीराव पेशवे आणि काशीबाई : १७२० ते १७४०. नानासाहेब पेशवे आणि वाईच्या रास्त्यांच्या गोपिकाबाई : १७३० ते १७६१. पानिपतानंतर पाच महिन्यांत नानासाहेब गेले, गोपिकाबाई मात्र १७८८ पर्यंत होत्या. कोल्हापूरचे शाहू महाराज आणि लक्ष्मीबाई : १ एप्रिल १८९१ ते ६ मे १९२२, एकतीस वर्षं.

लांब संसार अगदीच नाहीत असं मात्र नाही. शहाजीराजे आणि जिजाबाई यांच्या लग्नाचं साल अभ्यासक १६०५ ते १६१० च्या दरम्यान धरतात. शहाजीराजे २३ जानेवारी १६६४ ला गेले. कोणतंही साल धरलं तरी पन्नाशी पार होते. पण यातली कितीतरी वर्षं राजे कर्नाटकात आणि जिजाबाई पुण्यात, त्यामुळे कागदावरचा संसार आणि एका छताखालचा संसार वेगळे मोजावे लागतात. युरोपातही हेच. इंग्लंडचे तिसरे जॉर्ज आणि शार्लट राणी यांचे ५७ वर्षं २ महिने (१७६१ ते १८१८) भरतात, पण शेवटची काही वर्षं राजाला वेडाचे झटके, कारभार १८११ पासून मुलाकडे आणि राणी वेगळी राहत असे. स्पेनचे हुआन कार्लोस आणि सोफिया यांचं लग्न १४ मे १९६२ चं. ते मोडलेलं नाही, पण हुआन कार्लोस २०२० पासून अबू धाबीत आहेत.

एका छताखालच्या हिशेबाने मराठी घराण्यांत बडोद्याचं नाव आधी घ्यावं लागेल. तिसरे सयाजीराव गायकवाड आणि दुसऱ्या चिमणाबाई यांचं लग्न २८ डिसेंबर १८८५ ला झालं आणि महाराज ६ फेब्रुवारी १९३९ ला गेले. त्रेपन्न वर्षं. हे त्यांचं दुसरं लग्न, पहिल्या चिमणाबाई त्याच वर्षी मे महिन्यात वारल्या होत्या. विधुर झाल्यावर वर्षाच्या आत दुसरं लग्न लागणं हा संस्थानांतला रिवाजच होता.

आमच्या मते मराठी राजघराण्यांचा काळ मोजायला संसारापेक्षा वैधव्य घ्यावं. साताऱ्यात राहून हे जास्तच जाणवतं. ताराबाईंचा राजाराम महाराजांबरोबरचा संसार साधारण सतरा वर्षांचा. ३ मार्च १७०० ला महाराज सिंहगडावर गेले आणि ताराबाई त्यानंतर एकसष्ट वर्षं जगल्या. डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपतची बातमी पचवून, त्या साताऱ्यात वारल्या. येसूबाईंचं तसंच : १६८९ ला वैधव्य, त्याच वर्षी रायगड पडला आणि १७१९ पर्यंत मोगलांची कैद. उलट टोक थोरल्या शाहू महाराजांच्या घरात दिसतं. सगुणाबाई १७४८ मध्ये महाराजांच्या आधी गेल्या आणि १७४९ च्या डिसेंबरात महाराज गेल्यावर सकवारबाई संगम माहुलीला सती गेल्या.

प्रश्न (तासगाव) : लहानपणी लागलेली लग्नं धरली तर वर्षं फुगतात ना?

उत्तर : फुगतात. माधवराव पेशव्यांचं लग्न ९ डिसेंबर १७५३ ला झालं, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला ते गेले. कागदावर जवळपास एकोणीस वर्षांचा संसार, पण त्यातली निम्मी वर्षं दोघंही पोरवयात. जुन्या घराण्यांत लग्न लागायचं आणि मुलगी न्हाती-धुती झाल्यावर तिची पाठवणी व्हायची. म्हणून तुलना करताना दोन्ही तारखा लिहाव्यात. पाठवणीची तारीख क्वचितच मिळते. ती नसेल तर पहिल्या अपत्याच्या जन्मावरून अंदाज बांधावा आणि अंदाज असं स्पष्ट म्हणावं. बडोद्यात १९०४ मध्ये बालविवाहबंदीचा कायदा झाला, ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्यानंतरच्या लग्नांत ही फूग हळूहळू कमी होत गेली.

प्रश्न (वाई) : आमच्या वाड्यात मोडीतल्या आहेराच्या याद्या निघाल्या आहेत. एका यादीवर नुसतं 'इहिदे सबैन मया व अलफ' आणि 'छ' पुढे एक आकडा व महिना आहे, तर दुसरीवर शके. लग्न कोणत्या साली लागलं हे कसं काढायचं?

उत्तर : आहेराची यादी हा उत्तम पुरावा, कारण ती लग्नाच्या मांडवातच लिहिली जाते. तिच्या खालोखाल समकालीन पत्र, मग शकावली (सालवार घटनांची नोंदवही), मग वंशावळ आणि अगदी शेवटी बखर. वंशावळी बहुधा इनामाच्या तंट्यात दाखल करायला पुढे कधीतरी लिहिलेल्या असतात, तिथे साल सोयीने सरकतं.

आधी अरबी शब्द. हा शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणारी कालगणना, आणि तो एककापासून वर वाचायचा : इहिदे १, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. एकूण ११७१. शुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे तुमची यादी १७७० च्या मृगापासून १७७१ च्या मृगापर्यंतची. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे हिजरी महिन्याची तारीख असते. तो महिना या बारा महिन्यांच्या चौकटीत कुठे बसतो ते जंत्रीत (वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवणाऱ्या तक्त्यात) पाहा. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी आखूड असल्यामुळे मृगाच्या आसपासची तारीख चौकटीच्या दोन्ही टोकांना बसू शकते. अशा वेळी यादीतल्या वाराची मदत घ्या. एकच तारीख त्या वाराशी जुळेल.

शकाचं सोपं आहे. चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, १ जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य ३ शके १५५१, म्हणून १६३०. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, म्हणून १६७४. घोळ होतो तो मार्गशीर्ष-पौषात. त्या महिन्यांत १ जानेवारी कुठे पडली हे जंत्रीत पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

कागदाची घडी नेमकी आकड्यावर आली की अंक झिजलेला असतो. संवत्सराचं (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं) नाव शाबूत असेल तर त्यावरून पडताळा घेता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, साठने भागून बाकी ४८, अठ्ठेचाळिसावं संवत्सर आनंद. जुळलं. बाकी शून्य आली तर साठावं, म्हणजे क्षय. कागदात राज्यशक (शिवराज्याभिषेकापासून मोजलेला शक) असेल तर त्यात १५९५ मिळवले की शालिवाहन शक येतो, पण राज्यशक चैत्रात बदलत नाही, ज्येष्ठ शुद्ध १३ ला बदलतो. चैत्र-वैशाखातल्या लग्नांत इथे हमखास एका वर्षाची चूक होते. तेवढ्या दिवसांना १५९६ मिळवा.

शेवटचा सापळा इंग्रजी तारखेचा. इंग्रजांनी ग्रेगोरियन पंचांग १७५२ च्या सप्टेंबरात घेतलं, तोवर त्यांच्या तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या. पोर्तुगीज मात्र १५८२ पासूनच नव्यावर. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना गोव्याच्या कागदात दहा दिवस पुढची दिसते. आपल्या इतिहासात रूढ असलेली ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची आहे. दोन पद्धती मिसळून कालावधी काढला की दहा-अकरा दिवसांची खोट येते.

प्रश्न (विटा) : राजघराण्यांत घटस्फोट होत नाहीत म्हणून संसार टिकतात, असं म्हणता येईल का?

उत्तर : पूर्वी म्हणता आलं असतं. आज नाही. ७३ वर्षं संसार केलेल्या एलिझाबेथ राणीच्या चार मुलांपैकी तिघांचे घटस्फोट झाले : ॲन १९९२, अँड्र्यू आणि चार्ल्स १९९६. तिचे काका आठवे एडवर्ड यांनी १९३६ मध्ये घटस्फोटित स्त्रीशी लग्न करता यावं म्हणून गादी सोडली होती.

आपल्याकडे हिंदूंसाठी साधारण देशभर लागू होणारी घटस्फोटाची कायदेशीर वाट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आली. बडोद्याने मात्र १९३१ मध्येच ती दिली. गंमत अशी की हा कायदा करणाऱ्या महाराजांचा स्वतःचा संसार त्रेपन्न वर्षांचा. शिवाय एकाहून जास्त राण्या करायची मुभा होती, तेव्हा राजाला लग्न मोडायची गरजच पडत नसे. नावडतीला वेगळा महाल आणि तनखा बांधून दिला की झालं, लग्न कागदावर शाबूत. असे संसार 'टिकले' म्हणून यादीत घालणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न (कऱ्हाड) : आई-वडिलांचं लग्न जून १९७६ चं. स्वीडनच्या राजाचंही त्याच महिन्यातलं, असं वाचलं. पन्नासावा वाढदिवस तिथीने करायचा की तारखेने? दोन्ही एकाच दिवशी येतील का?

उत्तर : नाही येणार. राजे कार्ल सोळावे गुस्ताफ आणि सिल्व्हिया यांचं लग्न १९ जून १९७६ चं. आपल्या पंचांगाने तो ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमीचा संधिकाल. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो, आणि लग्नाची तिथी अधिकात धरत नाहीत, त्यानंतरच्या निज (नेहमीच्या) ज्येष्ठात धरतात. म्हणून तीच तिथी ७-८ जुलैला पडते. तारखेपासून अठरा-एकोणीस दिवस लांब. तुमच्याकडची नेमकी तिथी लग्नपत्रिकेवर असेल. अंतर साधारण एवढंच निघेल.

तिथी आणि तारीख परत जुळतात ती दर १९ वर्षांनी, फार तर एक-दोन दिवसांच्या फरकाने. म्हणजे १९७६ च्या जोडप्यांसाठी १९९५, २०१४ आणि आता २०३३. पन्नासाव्याला ते गणित बसत नाही. घरात होम किंवा सत्यनारायण करणार असाल तर तो तिथीने करा आणि गुरुजींना 'निज ज्येष्ठ' असं आधीच सांगून ठेवा. पाहुण्यांचं जेवण तारखेच्या जवळच्या रविवारी ठेवलं तर पुण्या-मुंबईची मंडळी येऊ शकतील. कार्यालय मात्र आत्ताच धरून ठेवा. अधिकात लग्नं नसल्यामुळे निज ज्येष्ठात मुहूर्तांची गर्दी होते आणि तारखा लवकर जातात.