प्रेडिक्टर हिरवा दाखवतो, म्हणजे नेमके काय?

सीईटीचा निकाल लागला की कॉलेज प्रेडिक्टरविषयी, म्हणजे गुणांवरून कोणते कॉलेज मिळेल याचा अंदाज सांगणाऱ्या साइटविषयी, तेच ते प्रश्न येऊ लागतात. इथली उत्तरे अभियांत्रिकीच्या कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशापुरती आहेत.

प्रश्न : ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण ना?

नाही. तुमच्या सत्रातल्या दर १०० पैकी ९५ जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढेच.

प्रश्न : गेल्या वर्षी ९५ ला मिळालेली शाखा यंदाही ‘हमखास’ मिळेल, असे प्रेडिक्टर म्हणतो. भरवसा ठेवावा का?

‘हमखास’ हा शब्द साइटचा, परीक्षा आणि प्रवेश पाहणाऱ्या सीईटी कक्षाचा नव्हे. बहुतेक प्रेडिक्टर गेल्या वर्षी शेवटची जागा घेणाऱ्याच्या पर्सेंटाइलशेजारी (हाच कटऑफ) तुमचा आकडा ठेवतात आणि फरक पाहून रंग देतात : हिरवा म्हणजे मिळण्याजोगे, लाल म्हणजे अवघड. पण परीक्षेला ३ लाख बसले तर ९५ च्या पुढे साधारण १५ हजार जण असतात. ४ लाख बसले तर २० हजार. सगळेच कॅपचा अर्ज भरत नाहीत, पण रेटा वाढतोच. कटऑफच्या तक्त्यात मेरिट क्रमांकही छापलेला असतो, तो आपल्या क्रमांकाशी ताडून पाहा. २०२३ चे खुल्या वर्गाचे कटऑफ तर धरूच नका : २०२४ पासून एसईबीसीला (मराठा आरक्षणाचा वर्ग) १० टक्के जागा आहेत, त्यामुळे खुल्या जागा घटल्या.

प्रश्न : बारावी नागपूरला झाली, कॉलेज पुण्यातले हवे. दोन साइट दोन वेगळे कटऑफ सांगतात.

दोन्ही बरोबर असू शकतील. कटऑफच्या तक्त्यात जागेच्या संकेताचे शेवटचे अक्षर पाहा : ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेजच्याच विद्यापीठाच्या हद्दीत बारावी झालेले), ‘ओ’ म्हणजे बाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. पुण्यासाठी तुम्ही ‘ओ’ किंवा ‘एस’मध्ये, ‘एच’चा आकडा तुमच्या कामाचा नाही. सुरुवातीचे ‘एल’ मुलींच्या जागांचे. ही अक्षरे न विचारता प्रवेशाच्या शक्यतेची टक्केवारी सांगणारी साइट बंद करा.

प्रश्न : लाल दाखवलेली कॉलेजे यादीतून काढावीत का? हिरवी वर ठेवावीत का?

दोन्ही करू नका. दरवर्षी सर्वांत जास्त नुकसान इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जागावाटपात संगणक मेरिटप्रमाणे एकेका विद्यार्थ्याची यादी उघडतो आणि वरून खाली पाहत जातो. पहिला पर्याय भरलेला असेल तर दुसरा, मग तिसरा. जिथे जागा सापडेल तिथे थांबतो. वरचे लाल कॉलेज हुकले म्हणून खालच्या हिरव्यावरचा तुमचा हक्क कणभरही कमी होत नाही. उलट हिरवे पहिले टाकलेत आणि तेच मिळाले, तर ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांची दारे बंद! २०२५ च्या नियमांत चार फेऱ्या होत्या : पहिल्या फेरीत पहिला, दुसरीत पहिले तीन आणि तिसरीत पहिले सहा पर्याय बंधनकारक, म्हणजे त्यातला मिळाला की तोच घ्यायचा. म्हणजे वरच्या सहांत नको असलेले एकही नाव असू नये. क्रम आवडीचा लावा. प्रेडिक्टर वापरायचाच तर तळाशी पुरेशी हिरवी नावे आहेत ना, हे पाहण्यापुरता. यंदाची माहितीपुस्तिका वाचा आणि यादी पक्की करण्याआधी सुविधा केंद्रात (प्रवेशाचे अर्ज आणि कागद तपासणारे केंद्र) दाखवा.

प्रश्न : प्रेडिक्टरला मोबाइल नंबर दिला. आता फोन येतात, ‘टोकन भरा, सीट पक्की करतो.’

एक रुपयाही देऊ नका. कॅपची जागा फोनवर पक्की होत नसते. तो ‘मोफत’ अंदाज तुमचा नंबर मिळवण्यासाठीच होता.

प्रश्न : नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र अजून हातात नाही. प्रेडिक्टरमध्ये ओबीसी निवडू का?

प्रेडिक्टर कागद तपासत नाही, सुविधा केंद्र तपासते. मुदतीत प्रमाणपत्र नसेल तर खुल्या वर्गात मोजले जाल, म्हणून दोन्ही वर्ग टाकून पाहा. ‘मुदत वाढतेच’ हे ऐकीव आहे. अर्ज केला नसेल तर आजच करा, आणि पावती चालते का हे केंद्रातच विचारा.